हायस्कूल बेसबॉल: कॉलेज रिक्रूटिंग शोकेससाठी पिचर आणि कॅचरची तयारी

अटलांटाकर

ज्युनिअर इयर (अकरावी) जवळ आलं की इथल्या मराठी घरांतून एकच प्रश्न कानावर येतो, "कुठल्या शोकेसला पाठवायचं?" (शोकेस म्हणजे कॉलेजच्या कोचना मुलांचा खेळ आणि आकडे दाखवायचा चाचणीचा दिवस.) प्रश्नाचा क्रम उलटा आहे. मुलाचा हात आणि आकडे कधी तयार असतील ते आधी ठरवा. मग त्या तारखेच्या आसपासचं शोकेस शोधा, आणि ज्या कोचना आधी ईमेल गेले आहेत ते तिथे येणार आहेत का ते बघा. शोकेसमध्ये कोणाचा खेळ सुधारत नाही. तिथे फक्त मोजमाप होतं आणि ते आकडे पुढची काही वर्षं इंटरनेटवर नावापुढे चिकटून राहतात. ताशी ७६ मैलांचा फास्टबॉल (सर्वात वेगाने टाकलेला सरळ चेंडू) घेऊन 'अनुभवासाठी' गेलेल्या मुलाच्या प्रोफाइलवर तो ७६ बसून राहतो.

साधारण दिवस असा असतो: सकाळी नोंदणी, मग ६० यार्डांची धाव, मग आपापल्या जागेवरून फेक. कॅचरसाठी (प्लेटमागे बसून चेंडू घेणारा) इथेच पॉप टाइम, म्हणजे सेकंड बेसवर फेक पोचवायला लागणारा वेळ. मग बॅटिंग, आणि शेवटी पिचर (चेंडू टाकणारा) माउंडवर, म्हणजे टाकायच्या उंचवट्यावर. परफेक्ट गेम, प्रेप बेसबॉल वगैरेंच्या कार्यक्रमांत रडार गन असतेच, बऱ्याच ठिकाणी चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारं ट्रॅकमन किंवा रॅप्सोडोही असतं. पिचरला बहुधा एखाद-दोन इनिंग किंवा १५ ते २५ चेंडू मिळतात. म्हणजे कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा निकाल सात-आठ मिनिटांत.

वर्षाच्या गणिताबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनानुसार १५ ते १८ वयाच्या मुलांनी वर्षातले किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद ठेवायचं आणि त्यातले सलग दोन-तीन महिने डोक्यावरून कुठलीही फेक करायची नाही. बारा महिन्यांत १०० इनिंगच्या वर जायचं नाही. आता कॅलेंडर मांडा. शाळेचा सीझन फेब्रुवारी-मार्च ते मे, ट्रॅव्हल टीम जून-जुलै, फॉल बॉल सप्टेंबर-ऑक्टोबर. उरले नोव्हेंबर ते जानेवारी. नेमकं जानेवारीत बंदिस्त हॉलमधलं शोकेस असतं! विश्रांती घेतलेला हात तेव्हा पूर्ण जोराने फेकायला तयार नसतो, आणि तयार असेल तर त्याने विश्रांती घेतलेली नसते. शिवाय हिवाळ्यात डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळाच्या तीन पातळ्यांतली सर्वात वरची) कोचना बाहेर जाऊन खेळाडू बघण्यावर बंदी असते, त्यामुळे तिथे आकडे नोंदले जातात, पण बघणारे कमी.

पिचरचा आराखडा खाली टाकतो. कॅचरवर 'यष्टिरक्षक' लिहितीलच.

---

अटलांटाकर

विश्रांतीनंतर दहा आठवडे लागतात. आठ आठवड्यांत बसवता येतं, पण मध्ये सर्दी-ताप किंवा परीक्षा आली की सगळं कोलमडतं.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड फेक, ४५ फुटांपासून ९० फुटांपर्यंत, दर वेळी २५-२५ फेकींचे दोन टप्पे, मध्ये पाच-सात मिनिटं थांबून. तिसरा-चौथा आठवडा १२० ते १५० फूट, आठवड्यातून चार दिवस, एक जड एक हलका. पाचव्यात सपाट जमिनीवरून ६० फुटांवर बसलेल्या कॅचरकडे. सहाव्यात माउंड: १५ ते २० चेंडू, फक्त फास्टबॉल. सातव्यात २५, चेंजअप (मुद्दाम हळू येणारा चेंडू) मिळवून, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस अंतर. आठव्यात ३० ते ३५, ब्रेकिंग बॉलसकट (वळणारा चेंडू). नवव्यात समोर बॅटर उभा करून १५ चेंडूंच्या दोन 'इनिंग', मध्ये खरोखर आठ-दहा मिनिटं बसायचं. दहाव्यात मंगळवारी २०-२५ चेंडू, गुरुवारी हलकी फेक, शनिवारी शोकेस.

सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त चुकतं. "६० टक्के जोराने टाक" असं सांगून भागत नाही. प्रयोगशाळेतल्या मोजणीत असं दिसलं आहे की पिचरला अर्ध्या जोराने टाकायला सांगितलं तरी त्याचा वेग कमाल वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणून जोर मुलाच्या अंदाजावर सोडू नका. रडार लावा आणि आकडा बांधून द्या. ८४ टाकणारा असेल तर पहिल्या दोन बुलपेनमध्ये (माउंडवरच्या सराव-सत्रांत) ७२च्या वर चेंडू गेला की थांबवायचं.

वर जे लिहिलं ते विश्रांतीनंतरचं. जूनमधल्या शोकेससाठी चढण नकोच, कारण शाळेच्या सीझनमुळे हात आधीच तयार असतो. तिथे उलटा प्रश्न असतो, थकव्याचा. मे महिन्यात प्लेऑफ संपल्यावर पाच-सात दिवस माउंड बंद, मग दोन छोटी बुलपेन, मग शोकेस.

---

रेवा_न्यूजर्सी

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. एक, शोकेसच्या १५-२० चेंडूंत नेमकं काय टाकायचं? दुसरा, घरच्या पॉकेट रडारवर ८५ येतात आणि शोकेसला ८१. हा फरक कुठून येतो?

---

डॅलसचा_दिनू

दुसऱ्याचं उत्तर आधी, ते सोपं आहे. रडार चेंडूच्या मार्गाच्या रेषेत नसेल तर आकडा कमी दिसतो, कधीच जास्त दिसत नाही. १० अंश कोनात दीड टक्का कमी, २० अंशांत सहा टक्के, म्हणजे ८५चे ८० झाले. तेव्हा घरच्या गनने कोनामुळे जास्त दाखवलं असं होत नाही. मग उरतात तीन कारणं. घरी सर्वात वेगवान चेंडू लक्षात राहतो आणि शोकेसला कधीकधी सरासरी लिहिली जाते. घरी धावत येऊन फेकलेलं असतं. किंवा शोकेसला मुलगा वॉर्मअप करून पाऊण तास उन्हात बसलेला असतो. तिसरं कारण सर्वात जास्त वेळा खरं ठरतं.

कोचला कमाल वेगापेक्षा 'किती मैलांवर राहतो' यात रस असतो. "८१ ते ८३, एकदा ८५" असंच लिहा. "८५" एवढंच लिहिलं तर पहिल्याच चेंडूला फजिती.

आकड्यांची साधारण पातळी, उजव्या हाताच्या पिचरसाठी: मोठ्या कॉन्फरन्स ९०च्या आसपास आणि वर, मधल्या डिव्हिजन वन ८५ ते ८९, डिव्हिजन थ्री ७८ ते ८५. डावखुऱ्याला दोन-तीन मैलांची सूट मिळते. हे दगडावर कोरलेलं नाही. सहा फूट चार इंच उंचीचा, खांदे अजून न भरलेला सोफोमोर (दहावीचा) ८२वर असेल तर कोच वही काढतो. पाच फूट नऊ इंचांचा भरलेला सीनिअर (बारावीचा) ८४वर असेल तर काढेलच असं नाही. अन्याय आहे, पण खरं आहे.

---

अटलांटाकर

रेवाताई, चेंडूंचा क्रम. २० चेंडू धरा. पहिले पाच-सहा फास्टबॉल, दोन्ही कडांना. रडारवाले याच वेळी सर्वात सावध असतात. मग तीन-चार चेंजअप, तीन-चार ब्रेकिंग बॉल, आणि पुन्हा फास्टबॉल, म्हणजे स्लायडरनंतर फास्टबॉलवर ताबा राहतो का ते दिसतं. शेवटचे पाच-सहा चेंडू स्ट्रेचमधून (रनर बेसवर असतानाची आखूड सुरुवात), यात एकदा पिकऑफची, म्हणजे रनरला बाद करायला बेसकडे फेकायची हालचाल. प्रत्येक वेगळ्या चेंडूआधी ग्लोव्हने खूण करून सांगायचं, नाहीतर कॅचरही चुकतो आणि नोंद करणाराही.

स्ट्रेच कोणी विसरू नका. पिचरची पहिली हालचाल ते चेंडू मिटमध्ये, हा वेळ १.३ सेकंदांच्या आत हवा. कोच हातातल्या स्टॉपवॉचवर तेच मोजत असतो. सगळे चेंडू वाइंडअपमधून (पूर्ण लांब सुरुवात) टाकले तर तो रकाना कोरा राहतो.

आणि नवा चेंडू शिकून तीन आठवडे झाले असतील तर तो घरी ठेवा. दोन चेंडू स्ट्राइक झोनमध्ये पडणारे हवेत, चार चेंडू इकडेतिकडे जाणारे नकोत.

---

फिरकी

रॅप्सोडोच्या आकड्यांचं काय? आमच्या इथल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये 'स्पिन रेट वाढवून देतो' असं पॅकेज विकतात.

---

डॅलसचा_दिनू

पैसे वाचवा. फास्टबॉलचा स्पिन रेट वेगाबरोबर वाढतो, त्याच वेगावर तो वाढवणं फार अवघड. मेजर लीगमध्ये चिकट पदार्थ लावून वाढवायचे, म्हणून तर २०२१मध्ये पंचांनी हात तपासायला सुरुवात केली. मुलाला उपयोगी पडतात ते दुसरे आकडे: स्पिनमधला किती टक्के भाग चेंडू वळवायला खरोखर उपयोगी पडतो, आणि चेंडू उभा किती 'टिकतो' (गुरुत्वाकर्षणाने पडायला हवा त्यापेक्षा किती इंच कमी पडतो) व आडवा किती सरकतो. चार शिवणींचा फास्टबॉल १७-१८ इंच उभा टिकत असेल तर तो झोनच्या वरच्या भागात टाकायचा. १० इंचच टिकतो आणि १५ इंच हाताच्या बाजूला सरकतो असं दिसलं तर त्याला दोन शिवणींची पकड देऊन खाली टाकायला शिकवा. एवढा निर्णय झाला की रॅप्सोडोचं काम झालं. त्यासाठी दोन सत्रं पुरतात.

---

यष्टिरक्षक

कॅचरबद्दल सविस्तर लिहितो, कारण पालक पॉप टाइम सोडून दुसरं काही विचारतच नाहीत.

पॉप टाइम म्हणजे पिच कॅचरच्या मिटमध्ये आदळल्याच्या आवाजापासून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हमध्ये आदळल्याच्या आवाजापर्यंतचा वेळ. होम प्लेटपासून सेकंड बेस १२७ फूट ३ ३/८ इंच. ताशी ७५ मैल म्हणजे सेकंदाला ११० फूट. हवेचा विरोध धरून हे अंतर कापायला १.२५ ते १.३० सेकंद लागतात. म्हणजे २.०० पॉपसाठी चेंडू मिटमध्ये आल्यापासून हातातून सुटेपर्यंत ०.७० ते ०.७५ सेकंद मिळतात. फेकीचा वेग ७५वरून ८० केला तर ०.०८ सेकंद वाचतात, पण त्याला वर्ष लागतं. चेंडू काढण्याचा वेळ ०.८५वरून ०.७५ केला तर ०.१० वाचतात, आणि ते रोज वीस मिनिटं सराव केला तर सहा-आठ आठवड्यांत जमतं. तेव्हा मेहनत कुठे करायची ते उघड आहे.

पातळी: हायस्कूलच्या चांगल्या कॅचरचा २.०० ते २.१५, डिव्हिजन वनला १.९५ ते २.०५ बघतात. मेजर लीगची सरासरीच २.००च्या आसपास आहे. मग शोकेसच्या यादीत १६ वर्षांच्या पोरांचे १.८५ कसे दिसतात? तिथे बॅटर नसतो, पिच कुठे येणार ते ठाऊक असतं, कॅचर चेंडू येण्याआधीच उठून पुढे सरकतो, आणि शॉर्टस्टॉप बेसच्या पुढे येऊन चेंडू घेतो. हातातल्या स्टॉपवॉचची सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक वेगळीच. अनुभवी कोच हे सगळं मनातल्या मनात वजा करतो. मुलाने पुढे उडी मारून मिळवलेला १.९२ आणि जागेवरून नीट घेतलेला २.०३ यात दुसऱ्याचं नाव वहीत जातं.

आता पायांचं काम. उजव्या हाताचा कॅचर. चेंडू येतानाच उजवा पाय डाव्याच्या जागी जातो, उजव्या घोट्याची आतली बाजू सेकंड बेसकडे. डावा खांदा आणि डावं कंबरेचं हाड त्याच रेषेत. मिट चेंडूसकट उजव्या छातीकडे, कानाच्या खाली येतं आणि हात तिथे चेंडूला भेटतो. हात पुढे नेऊन चेंडू आणायला जायचं नाही. पकड चार शिवणींची. घाईत दोन शिवणींची पडली आणि खांदा लवकर उघडला की चेंडू फर्स्ट बेसच्या बाजूला वाहत जातो. निम्म्या मुलांची फेक याच कारणाने चुकते आणि घरचे सांगतात, "जोर कमी पडतोय."

सराव असा: गुडघ्यांवर बसून ६० फुटांवर फक्त चेंडू काढणं आणि फेकणं, २० वेळा. मग चेंडू न फेकता फक्त पाय आणि पकड, १५ वेळा, प्रत्येक वेळी पकड डोळ्यांनी तपासायची. मग पूर्ण अंतरावर दिवसाला आठ ते दहा फेकीच, जास्त नाहीत. निशाणा: बेसच्या वर गुडघ्याच्या उंचीवर, किंचित फर्स्ट बेसच्या बाजूला, म्हणजे टॅग आपोआप होतो. एक टप्पा खाऊन सरळ आलेली फेक डोक्यावरून गेलेल्या फेकीपेक्षा कधीही बरी.

---

रेवा_न्यूजर्सी

क्रिकेटमध्ये विकेटकीपिंग करणाऱ्या मुलाला याचा फायदा होतो की तोटा?

---

यष्टिरक्षक

नजरेचा आणि पायांचा फायदा. हातांचा सुरुवातीला तोटा. कीपर चेंडूबरोबर हात मागे नेतो, तो मऊपणा तिथे गुण असतो. कॅचरने तसं केलं तर कडेवरचा स्ट्राइक मिटसकट झोनच्या बाहेर जातो आणि पंच बॉल देतो. इथे मिट चेंडूच्या बाहेरच्या बाजूने येऊन तो प्लेटच्या १७ इंचांकडे आणायचा असतो. खालच्या चेंडूला मिट आधी जमिनीकडे न्यायचं आणि मग खालून वर येत घ्यायचं. वरून खाली जाताना घेतलं तर गुडघ्याजवळचा स्ट्राइक गेला. हल्ली बहुतेक कॉलेज कॅचर एक गुडघा टेकून बसतात ते याचसाठी. पण रनर असताना त्याच बसण्यातून फेकही जमली पाहिजे, हे शोकेसच्या आधी तपासून घ्या.

ब्लॉकिंगला उडी नको. मिट आधी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जमिनीवर, हनुवटी छातीला, खांदे पुढे गोल, श्वास सोडलेला. ताठ छातीवर चेंडू आदळला तर तो दहा फूट उडतो. सैल छातीवर आदळला तर पुढ्यात दोन-तीन फुटांत मरतो. कोच नेमकं हेच बघतो की चेंडू किती लांब गेला.

बॉलिंग करणाऱ्यांसाठी जाता जाता: क्लबचं क्रिकेट चालू असेल तर त्या षटकांचाही हिशेब खांद्याच्या खात्यातच धरा. हात सरळ असला तरी खांदा तोच.

---

हाडवैद्य

फिजिओथेरपीच्या बाजूने काही गोष्टी.

पिच स्मार्टच्या मर्यादा तोंडपाठ करा. १५-१६ वयाला दिवसाला ९५ चेंडू, १७-१८ला १०५. ३० चेंडूंपर्यंत विश्रांती नाही, ३१ ते ४५ला एक दिवस, ४६ ते ६०ला दोन. पुढे १५-१६ला ७५पर्यंत तीन आणि त्यावर चार दिवस, १७-१८ला ८०पर्यंत तीन आणि त्यावर चार. शाळेच्या सामन्यांत राज्याचे नियम असतात, २०१७पासून ते सगळ्या राज्यांना बंधनकारक झाले. शोकेस आणि ट्रॅव्हल टीमला तुमची वहीच खरी. मंगळवारी शाळेत ७०, शुक्रवारी ट्रॅव्हल टीमला ४० आणि रविवारी शोकेसला २० पूर्ण जोराचे. तिन्ही ठिकाणचे कोच आपापल्या जागी नियमातच असतात, कारण दुसरीकडे काय झालं ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना छापली होती. हात थकलेला असताना वरचेवर पिच करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट, वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त पिच करणाऱ्यांमध्ये पाच पट. आणि शस्त्रक्रिया झालेला गट शोकेसनाही जास्त जात होता. डिसेंबर २०२४मध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही वेगाच्या मागे लागण्यावर आणि शाळकरी वयातल्या शोकेसवर बोट ठेवलं आहे.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं आणि दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर शोकेस रद्द. १५-१६व्या वर्षी तिथली हाडाच्या वाढीची जागा पूर्ण जुळलेली नसू शकते. सकाळी आयबुप्रोफेन देऊन पाठवणं तर अजिबात नको, कारण त्याने ताण तेवढाच राहतो आणि इशारा तेवढा बंद होतो. भरलेले पैसे बुडतील. बुडू द्या.

---

फिरकी

वजनदार चेंडू? सगळे वापरतात आणि वेग तर वाढताना दिसतो.

---

हाडवैद्य

वाढतो. २०१८मध्ये 'स्पोर्ट्स हेल्थ' या नियतकालिकात सहा आठवड्यांचा एक प्रयोग आला होता. मुलं १३ ते १८ वयाची, चेंडू २ औंसांपासून ३२ औंसांपर्यंत. वेग सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास वाढला आणि त्या गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. नेहमीचा चेंडू ५ ते सव्वापाच औंसांचा असतो हे लक्षात घ्या.

---

डॅलसचा_दिनू

थोडा मतभेद. त्या प्रयोगात ३२ औंस होते आणि सगळ्यांना एकच कार्यक्रम होता. चार ते सहा औंसांच्या मध्ये राहून, कोणीतरी समोर उभं राहून मोजत असताना केलं तर धोका तेवढा नसावा. पण व्हिडिओ बघून गॅरेजमध्ये करायचा हा प्रकार नाही, आणि शोकेसच्या आधीच्या सहा आठवड्यांत तर नाहीच, याला अनुमोदन. ८४ला ८७ करायचे असतील तर पहिली दोन वर्षं डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि जेवण. बरीच मुलं १५ पौंड कमी वजनाची असतात. शाकाहारी घरांत विशेष बघा: दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या पुढे प्रथिनं वरणभातातून येत नाहीत. पनीर, दही, सोया, राजमा आणि व्हे यांचा हिशेब मांडून द्यावा लागतो.

---

राधिका_बे_एरिया

मैदानाबाहेरचा भाग मी लिहिते, कारण तिथे वेळेची गल्लत होते.

डिव्हिजन वनचा कोच मुलाशी फोन, ईमेल किंवा मेसेजवर रिक्रूटिंगचं बोलू शकतो तो ज्युनिअर इयर सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. डिव्हिजन टूला १५ जून. डिव्हिजन थ्रीला ईमेल-फोनवर अशी तारीख नाही. म्हणजे सोफोमोरच्या ईमेलला डिव्हिजन वनकडून उत्तर आलं नाही, तर नियम तोच आहे, नाराज होऊ नका. कॅम्पचं छापील आमंत्रण मात्र त्याआधीही येतं. त्यावर मुलाचं नाव बरोबर लिहिलेलं असतं म्हणून ते खास आमंत्रण ठरत नाही, हजारोंना जातं. कोचने मुलाचा कुठला सामना किंवा कुठला व्हिडिओ बघितला ते पत्रात असेल तर ते खरं.

जागाही कमी झाल्या आहेत. जून २०२५मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या 'हाऊस' खटल्याची तडजोड मंजूर झाली, त्यानंतर त्यात सामील झालेल्या डिव्हिजन वन शाळांना बेसबॉलचा संघ ३४ जणांवर आणावा लागला. आधी ४० जणांत ११.७ शिष्यवृत्त्या वाटल्या जायच्या. आता शिष्यवृत्तीची मर्यादा उठली आणि माणसांची आली. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) २१ वर्षांचा, ९२ टाकणारा तयार पिचर मिळत असताना कोच १७ वर्षांच्या मुलावर जागा अडकवायला कचरतो.

आपल्याकडे अभ्यासाची बाजू भक्कम असते, तिचा उपयोग करा. जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी, एमरी, शिकागो ही सगळी डिव्हिजन थ्री आहेत. खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण कोचचा शब्द प्रवेशात उपयोगी पडू शकतो. न्यू इंग्लंडमधल्या ॲमहर्स्ट, विल्यम्स वगैरेंच्या कॉन्फरन्समध्ये ज्युनिअर इयर संपल्यावर १ जुलैपासून प्रवेश कार्यालय मुलाचे कागद आधीच वाचून कल देतं. त्यामुळे त्या शाळांसाठी ज्युनिअर इयरनंतरचा जून-जुलै सर्वात मोलाचा. हेडफर्स्टचे ऑनर रोल कॅम्प आणि स्टॅनफर्डचा कॅम्प अशा मुलांसाठी बरे, कारण एकाच मैदानावर अशा अनेक शाळांचे कोच असतात आणि तेच सराव घेतात.

ईमेल मुलाने लिहायचा, आईबाबांनी नाही. पालकाची शैली कोच पहिल्या ओळीत ओळखतो. विषयाच्या ओळीतच नाव, हायस्कूल संपण्याचं वर्ष, उजवा की डावा, वेग, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी). मजकूर सात-आठ ओळी: या शाळेत काय शिकायचं आहे, व्हिडिओचा दुवा, शोकेसची तारीख, मैदान, जर्सीचा क्रमांक. दोन आठवडे आधी एक आणि तीन दिवस आधी वेळापत्रकासह दुसरा. शोकेसनंतर दोन दिवसांत तिसरा, त्यात नोंदलेले आकडे, चांगले असोत वा नसोत.

---

यष्टिरक्षक

व्हिडिओत भर. पिचरचा दोन-अडीच मिनिटांचा: कॅचरच्या मागून, बाजूने, म्हणजे उजव्या पिचरसाठी थर्ड बेसच्या बाजूने, आणि पिचरच्या मागून. रडारचा आकडा त्याच फ्रेममध्ये दिसला तर उत्तम. सर्वात चांगला चेंडू पहिला. संथ गतीचे तुकडे एक-दोनच.

कॅचरच्या व्हिडिओत संगीत घातलं की तो वाया. कोच आवाजावरून स्वतः पॉप टाइम मोजतो, म्हणून मूळ आवाज ठेवा आणि पिच येण्यापासून सेकंड बेसपर्यंत न कापता सलग दाखवा. चार-पाच फेकी, मग रिसीव्हिंगचे दहा-पंधरा चेंडू, मग सहा-आठ ब्लॉक.

सामानाचं: छातीच्या कवचावर नॉक्सीची (खेळाच्या संरक्षक सामानाची मानकं ठरवणारी संस्था) मान्यता छापलेली हवी, २०२०पासून हायस्कूलला ती सक्तीची आहे. मिट पूर्ण मुरलेलं न्या. नव्या कडक मिटमधून चेंडू बाहेर उडतो आणि चेंडू काढायला वेळ लागतो. हिरवळ कृत्रिम असेल तर धातूचे स्पाइक चालत नाहीत, दुसरे बूट बरोबर ठेवा. हीच गोष्ट पिचरला जास्त नडते, कारण आयत्या वेळी आणून ठेवलेल्या माउंडवर पुढचा पाय घसरतो. नोंदणी करतानाच माउंड कसला आहे ते विचारून घ्या आणि शक्य असेल तर आधीच्या आठवड्यात तसल्याच माउंडवर एक बुलपेन करा.

---

रेवा_न्यूजर्सी

शेवटचं: मुलगा पिचर आणि कॅचर दोन्ही करतो. दोन्हीत नाव घालावं का? आणि शोकेसच्या दिवशी वॉर्मअपची वेळ कशी साधायची? आपला नंबर कधी येणार ते कोणी सांगतच नाही.

---

अटलांटाकर

दोन्ही नको. पिच स्मार्टमध्येच लिहिलं आहे की पिचरने पिच करत नसताना कॅचर होऊ नये. कॅचरही दिवसभरात शंभरावर फेकी परत करतो. कॉलेज एकाच जागेसाठी घेणार आहे, तेव्हा त्याचा आकडा जिथे बरा तिथे नाव घाला आणि दुसरं ईमेलमध्ये एका ओळीत सांगा. फक्त पिचर म्हणून नोंदणी केली तर आउटफिल्डमधून धावत येऊन फेकायच्या चाचणीतूनही सुटका होते. त्या पाच फेकी पूर्ण जोराच्या असतात आणि पिचिंगच्या दोन तास आधी हाताचा ताजेपणा घेऊन जातात.

वॉर्मअपला ३० ते ३५ मिनिटं धरा. दहा मिनिटं धावणं आणि अंग मोकळं करणं, पाच मिनिटं रबरी पट्ट्या, दहा मिनिटं ४५ ते १२० फूट फेक, मग बुलपेनमध्ये १५-१८ चेंडू, त्यातले शेवटचे तीन-चारच पूर्ण जोराचे. नंबर कळत नसेल तर माउंडवर कितवा पिचर चालू आहे ते मोजायचं. एकाला सात-आठ मिनिटं. आपल्या आधी चारजण उरले की धावायला सुरुवात, दोन उरले की बुलपेन. वेळ लांबली तर जॅकेट घालून दर पाच-सहा मिनिटांनी ६० फुटांवर चार-पाच हलक्या फेकी. पुन्हा पूर्ण बुलपेन करायचं नाही.

कॅचरसाठी वेगळी सूचना. शोकेसमध्ये कॅचर कमी असतात, म्हणून त्यांनाच पिचरांची बुलपेन घ्यायला बसवतात. पॉप टाइमची चाचणी व्हायच्या आधी बोलावलं तर "चाचणी झाल्यावर लगेच येतो" असं नम्रपणे सांगायचं. चाचणीनंतर मात्र जितकी मिळतील तितकी घ्यायची. पिचर बघायला आलेला कोच पिचरच्या मागेच उभा असतो आणि समोर त्याला कॅचरच दिसत असतो.

---

यष्टिरक्षक

आणि त्या अनोळखी पिचरला आधी विचारायचं की त्याचे चेंडू कोणते आणि खुणा कशा. अर्धा मिनिट लागतो.